व्याह्यांच्या पसंतीचे टायर

कारखान्याचं धुराडं पेटलं हे आमच्या वस्तीला कुणी येऊन सांगावं लागत नाही. सकाळी दात घासायला ओट्यावर उभं राहिलं की मळीचा गोडसर, आंबूस वास नाकात शिरतो. मग दिवसभर ट्रॉल्या. त्यांच्यावरची गाणी आधी ऐकू येतात, ट्रॉली नंतर दिसते. शेवगाव-पाथर्डीकडून तोडणीची माणसं येतात, माळावर पाचटाच्या कोप्या घालतात, आणि दोन दिवसांत तिथं चुली, कोंबड्या, वाळत घातलेली लुगडी असं गाव उभं राहतं. बैलांना उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं मिळतं. थंडी अंगाला गोड लागते. वर्षभर ज्याच्यासाठी पाणी धरलं तो ऊस रानातून निघतो आणि कापलेल्या फडातून पलीकडची वस्ती एकदम दिसायला लागते.

ह्या दिवसांत माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला वाटायचंही. पण गेले तीन-चार हंगाम हा वास आला की माझ्या छातीत जळजळतं. माझी बायको, आमची म्हातारी, म्हणते पित्त झालंय, सुंठ घ्या. सुंठीनं जाणारं हे दुखणं नाही. मला टायर आठवतात. टायर आणि आमचे व्याही.

आमची वस्ती श्रीगोंद्याकडच्या डांबरीपासून बरीच आत. मधला रस्ता काळ्या रानातला. हंगामात ट्रॉल्यांनी त्यात गुडघ्याएवढ्या चाकोऱ्या पडतात. वरून कॅनॉलच्या पाण्याची पाळी, आवर्तन, सुटलं की चारीचं, म्हणजे पोटकालव्याचं, पाणी ह्या चाकोऱ्यांत उतरतं. मग ती माती अशी धरते की चप्पल मागं राहते आणि पाय पुढं जातो. म्हणून माझ्या मुलानं, भाऊसाहेबनं, चारी चाकांनी ओढणारी गाडी घेतली. तो तिला फोर बाय फोर म्हणतो. दुसरं कारण त्याची सासुरवाडी. मनीषा, आमची सून, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाची. तिकडं रस्ता म्हणजे कपारीचे दगड आणि मधे मधे ओढे. गाडीबरोबर आलेले टायर होते डांबरीचे. दोन वर्षांत त्यांना टक्कल पडलं आणि तिसऱ्या हंगामाच्या तोंडाला नवे घ्यायची वेळ आली. काळ्या रानात चालतील, दगडात फाटणार नाहीत आणि नगरच्या रस्त्यावर पोराबाळांना झोप लागेल असे टायर पाहिजे होते. सगळ्या वाटांचे.

आता ह्या घरात चाकाची वस्तू माझ्या हाताखालून गेल्याशिवाय आलेली नाही. बैलगाडी मी निवडली, ट्रॉली मी निवडली, भाऊसाहेबची शाळेची सायकलसुद्धा मी उलटी करून, चाक फिरवून घेतली. शाळा माझी चौथीत सुटली, पण काष्टीच्या बाजारात बैल बघायला आजूबाजूच्या चार वस्त्या मला पुढं घालून न्यायच्या. शिंगं आणि रंग बघून नवखा माणूस भुलतो. मी कूस दाबून बघायचो, खूर उचलायचो, जबडा उघडून दात बघायचो. मग भाव ठरवायला व्यापारी आणि मी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायचो. आणि सगळं जमलं की मी बैलाच्या पाठीवर थाप मारायचो. आमच्याकडं थाप पडली की निवड झाली. मग बैलाच्या मालकानंसुद्धा शब्द फिरवायचा नाही. लहानपणी भाऊसाहेब माझ्या खांद्यावर बसून ही थाप बघायचा आणि घरी येऊन म्हशीच्या पाठीवर मारायचा.

त्यामुळं टायर कुठले घ्यायचे हा माझ्यासाठी टायरचा प्रश्न नव्हताच. ह्या घरात शब्द कुणाचा चालणार, हा होता.

जेवायला बसलो होतो. भाऊसाहेबनं भाकरी मोडता मोडता फोन लावला.

“मामा, टायर घ्यायचेत. तुमी आल्याशिवाय मी घेत न्हाई, आदीच सांगतो.”

मामा म्हणजे त्याचे सासरे. त्यांनी तिकडून काहीतरी गमतीचं सांगितलं असावं. भाऊसाहेब हसला. तोंडातला घास सांभाळत, डोळे मिटून हसला. मी ताट पुढ्यात घेऊन हातभर अंतरावर बसलेलो. माझ्याशी बोलताना तो असा हसल्याचं मी आठवायला लागलो, तर मला म्हशीच्या पाठीवर थाप मारणारं पोरच आठवलं.

“अवं, जेवा की,” म्हातारी म्हणाली. “टायर काय तुमच्या ताटातनं चालल्यात व्हय?”

माझ्या ताटातूनच चालले होते. तिला ते दिसलं नाही, किंवा दिसलं म्हणूनच बोलली.

आमचे व्याही, त्यांना सगळे नाना म्हणतात, उंच, वाळके, हळू बोलणारे. जन्मभर त्यांनी डोंगरातून जीप चालवली. काजवे बघायला येणारी शहरातली माणसं, भाताची पोती, बाळंतीण, सगळं त्यांच्या जीपमधून गेलेलं. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण नाना वाईट नाहीत. आल्याबरोबर माझ्या पाया पडायला वाकतात, वयानं बरोबरीचे असून. चहा आधी मला द्यायला लावतात. असल्या माणसावर जळायला फार जोर लागतो. मी तो लावला.

नगरला गेलो. बोर्डावरचं नाव आता बदललंय, आमच्या तोंडात अजून नगरच बसलेलं आहे. टायरच्या दुकानात रबराचा नवा वास होता, नव्या चपलेसारखा. ढीगच्या ढीग. मी घुसलो तो सरळ एका टायरपाशी गेलो. काय त्याची नक्षी! ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखे उभे ठोकळे, मधल्या खाचेत माझं बोट मुळापर्यंत जात होतं. मी म्हणालो, “ह्यो. ह्यो रान सोडनार न्हाई.”

भाऊसाहेबनं नानांकडं बघितलं.

नानांनी माझ्या टायरला हात लावला, मान हलवली, आणि दुसऱ्या एका साध्या दिसणाऱ्या टायरपाशी जाऊन बसले. त्याची बाजू अंगठ्यानं दाबत दाबत सबंध फेरी केली.

“पाव्हणं,” ते मला म्हणाले, “तुमचा टायर चिखलाला एक नंबर. पन डांबरीवर बोंबलत जाईल आन लवकर झिजंल. आपली निम्मी वाट डांबरी, निम्मी कच्ची. तुमच्याकडं उसाचं बुडखं हायती, आमच्याकडं कपारी. त्ये काय नक्षीला फाडीत न्हाईत, बाजूला फाडत्यात. टायर बैलावानी बघायचा. नक्षी म्हंजे शिंगं. शिंगं बघून बैल घेतो का आपन? कूस बघायची.”

मी तिथं उभाच राहिलो. हे बोलणं माझं होतं. शिंगं, कूस, बैल, सगळं माझं. हा डोंगरातला जीपवाला. त्यानं आयुष्यात बैल घेतला असेल तर भात लावायला. आणि माझ्या पोरासमोर, माझ्या बोलीत, मला टायर शिकवत होता. एखाद्यानं आपला सदरा घालावा आणि तो त्यालाच जास्त शोभावा, तसं झालं.

“पटलं,” भाऊसाहेब म्हणाला. “मामा, मारा मग थाप.”

नानांनी हात मागं घेतला. “आरं, आबा हायत की. आबांना मारू दे.”

मला मारता आली असती. हात कुणी बांधले नव्हते. पण दुसऱ्यानं निवडलेल्या बैलाच्या पाठीवर मी आजवर थाप मारलेली नाही.

“तुमीच मारा,” मी म्हणालो. “तुमचंच चालतंय.”

दुकानदार आमच्या तिघांच्या तोंडांकडं बघत राहिला. भाऊसाहेबचे कान लाल झाले. नानांनी टायरवर हळूच हात टेकवला, थाप नव्हेच ती. पण भाऊसाहेबनं तेवढीही मोजली.

घरी म्हातारीनं गाडीच्या चाकांवर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. नवा बैल दारात आला की जे करायचं ते सगळं. नानांना टॉवेल-टोपी झाली. मला नारळ फोडायला हाका आल्या. मी कंबर धरलीय म्हणून गोठ्यात बसलो. गोठ्यातून नारळाचा आवाज आला, मनीषाचा आवाज आला, “नाना, तुमी फोडलाय तर खोबरं पन तुमीच वाटा.” माझे दोन बैल रवंथ करत माझ्याकडं बघत होते. त्यांना मी जुना माणूस वाटत नव्हतो.

मग तो हंगाम. मत्सर म्हणजे आग असते असं म्हणतात. मला तसं कळलेलं नाही. मला तो टायरातल्या हवेसारखा वाटतो. बाहेरून दिसत नाही, पण सगळा भार त्याच्यावर असतो, आणि त्यावरच माणूस रोज चालतो. सकाळी धुकं असायचं, कोप्यांतून धूर सरळ वर जायचा, आणि मी गाडीभोवती फेरी मारायचो. चारी टायर बघायचो. आज काटा असेल. आज बुडखा लागला असेल. रानात वेडी बाभळ एवढी माजलेली, तिला एक काटा ह्या कामासाठी देता येत नव्हता? रोज टायर तसेच. उलट दव पडून चमकायचे.

“रोज सकाळी कुनाची वाट बघताय तिथं?” म्हातारीनं एकदा विचारलं.

“हवा बघतोय.”

“व्हय, हवा बघताय! सवत आनल्यावानी तोंड करून कुनी हवा बघतं व्हय?”

मी त्या गाडीत बसायचंही सोडलं. बाजाराला जायचं तर डांबरीपर्यंत चालत जायचो, तिथून एस.टी. मागून भाऊसाहेब गाडी घेऊन यायचा, काच खाली करायचा. “आबा, बसा की.” मी म्हणायचो, “पाय मोकळं व्हत्यात.” गाडी पुढं जायची आणि ओल्या मातीत त्या टायरांचे ठसे उमटायचे, साडीच्या काठासारखे सुबक. मी त्या ठशांवर पाय देत चालायचो.

डांबरीच्या तोंडाला पंक्चरवाला आहे. त्याच्याकडं बसून मी त्या टायरांची खोड शोधायचो. “ह्या जातीचे टायर फुटत्यात का रं?” तो म्हणायचा, “आबा, ह्येच टायर वापरायला लागले समदे, तर मी उपाशी मरंन.” त्यानंच मला एक दाखवलं. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. टायर कधी जन्मला ते त्यावर लिहिलेलं. रबर पडून पडूनही म्हातारं होतं, वापरलं नाही तरी. मी म्हटलं, हे टायरचे दात झाले. घरी येऊन मी नानांच्या टायरचे दात बघितले. चारी तरणे निघाले. मला वाईट वाटलं.

त्याच हंगामात चारी फुटली. आवर्तनाचं पाणी दुपारपर्यंत सगळ्या रस्त्यात शिरलं. उसाची भरलेली ट्रॉली मधेच बसली, दोन ट्रॅक्टर लावून ती ओढून काढली, त्यानं रस्त्याचं आणखी दळण झालं. आणि आमची माणसं गेली होती लग्नाला. भाऊसाहेब, मनीषा, म्हातारी, आणि पाहुणे म्हणून आलेले नाना. संध्याकाळी त्याच वाटेनं येणार होती.

मी बैल सोडले. जू ठेवलं, साखळदंड घेतला, आणि चिखलाच्या अलीकडच्या तोंडाला, बाभळीपाशी जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर त्या हंगामातली माझी सगळ्यात चांगली दुपार ती. ऊन उतरत होतं, कापलेल्या फडावर बगळे उतरले होते, बैलांच्या वशिंडावर मी हात फिरवत होतो. गाडी रुतणार. भाऊसाहेब खाली उतरणार, चिखलात गुडघ्याएवढा जाणार. नाना काच खाली करून इकडंतिकडं बघणार. मग मी बैल पुढं घालणार, साखळी लावणार, आणि एक शब्द बोलणार नाही. काय बोलायचं नाही ते सुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

गाडी आली. चिखलाच्या पलीकडं थांबली. भाऊसाहेब आणि नाना उतरले, एकेका चाकाशी बसले. फुसफुस आवाजावरून कळलं, थोडी थोडी हवा सोडत होते. टायर जरा पसरले, उंटाच्या पायासारखे. मग गाडी निघाली. घाई नाही, थांबणं नाही. मध्यावर एकदा मागचं अंग सरकलं. माझा हात साखळीवर गेला. गाडी परत सरळ झाली आणि चिखल उडवत माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

नानांनी काच खाली केली. जू, साखळदंड, बैल, सगळं बघितलं.

“पाव्हणं, आता ह्या येळंला कुठं?”

“बैलांना पानी पाजाया,” मी म्हणालो.

चारी बाजूंनी पाणीच पाणी होतं. मनीषा पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघायला लागली. म्हातारीनं मात्र हसण्यावारी नेलं नाही. “पाजा,” ती म्हणाली, “तहानेले दिसत्यात.”

नाना मात्र हसले नाहीत. ते हसले असते तर मी त्यांना आजवर माफ केलं असतं.

ते हंगाम गेले. ऊस गेला, त्याच बुडख्यांतून फुटलेला खोडवा आला, तोही गेला. टायर भंडारदऱ्याला किती वेळा गेले, नगरला किती वेळा, हिशेब नाही. फाटले नाहीत. नुसते झिजले, झिजायला पाहिजे तसे, चारी सारखे. ह्या वर्षी धुराडं पेटलं आणि भाऊसाहेब जेवताना म्हणाला, “टायर बदलायला झालेत.” मी भाकरीकडं बघत राहिलो. त्यानं फोन लावला. नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घराबाहेर पडत नाहीत. आवाज मोठा ठेवला होता, मला ऐकू आलं.

“मी कशाला पायजे? आबांना ने की.”

बघा म्हणजे. माझ्या घरातला माझा शब्द, तोही मला त्यांच्या हातून मिळाला. रात्री मी ठरवलं की जायचं नाही. सकाळी धोतर धुतलेलं काढून मीच गाडीत पुढं जाऊन बसलो.

त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं भाऊसाहेबला ओळखलं. “मागचेच देऊ का?” मी म्हणालो, “थांब. आधी बाकीचे दाखीव.” दुकानात होते तेवढे टायर मी बाहेर काढायला लावले. प्रत्येकाची कूस अंगठ्यानं दाबली. एक जात नक्षीला सुरेख, पण बाजूला पापडासारखी. एक जाड, पण इतकी कडक की दगडावर उडेल. अंगठा दुखायला लागला. आणि फिरून फिरून मी जिथं आलो तो टायर नानांचाच होता. तीच जात, तीच नक्षी. दुसरा घेता आला असता. घेऊन मिरवता आलं असतं. पण त्या गाडीत माझी नातवंडं बसतात, आणि वाईट बैलावर मी चांगला म्हणून हात ठेवलेला नाही, कुणाचं तोंड काळं करायलासुद्धा नाही.

“ह्येच,” मी म्हणालो. “चार काढ. आन दात दाखीव.”

“काय दाखवू?”

मी वाकलो आणि चौकटीतले आकडे बोटानं वाचले. तीन एका वयाचे. चौथा दोन सालांनी जून.

“ह्यो बदल.”

“बाबा, गोडाऊनमधी सावलीत होता. काय होत न्हाई त्याला.”

“सावलीत बांधला म्हनून बैलाचं वय थांबतं व्हय रं?”

भाऊसाहेब हसला. डोळे मिटून हसला. दुकानदार चौथा टायर बदलायला आत गेला तरी तो हसतच होता, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “आबा, ह्ये मामांच्या बी ध्यानात आलं नव्हतं मागच्या टायमाला.” मी इकडंतिकडं बघितलं. दुकानात बरंच रबर होतं, वासानं डोळ्यांत पाणी येतं.

संध्याकाळी नानांचा फोन आला, माझ्याच फोनवर. एरवी ते भाऊसाहेबला लावतात.

“पाव्हणं, झालं का टायरचं?”

“झालं.”

“कंचे घेतले?”

“चांगले बघून घेतले.”

“तेच का, मागचे?”

मी फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला.

“न्हाई, आता नवीन लई जाती निघाल्यात म्हनं,” नाना म्हणाले. “त्या बऱ्या असतील. मी काय, आता घरीच असतो. मला काय ठावं.”

हे वाक्य कसं बोलतात ते मला कुणी शिकवायला नको. त्याच्या आत काय जळत असतं ते मी कितीतरी हंगाम पोसलेलं आहे. तुमचेच घेतले, एवढं म्हटलं असतं तर त्यांचा गुडघा हलका झाला असता. जिभेवर आलंही होतं.

“असं फोनवर सांगून कळतंय व्हय?” मी म्हणालो. “या. हंगाम हाय, हुरडा हाय, चार दिस ऱ्हावा. गाडी पाठवितो.”

“गुडघा वाकत न्हाई, पाव्हणं.”

“गाडी दारापत्तोर येती. वाट कसली बी असू द्या, येती.”

ह्यापेक्षा जास्त मी कुणाला काही कबूल करत नाही.

आज पहाटे गाडी गेलीय. भाऊसाहेबला बजावलंय, वाटेत टायरचा विषय काढायचा नाही, आणि नानांना दारातूनच उचलून आत बसवायचं, खाली बघू द्यायचं नाही. तो म्हणाला, “आबा, तुमी म्हंजे...” आणि गाडी चालू केली. आता ऊन कलायला लागलंय. ट्रॉल्यांच्या मागं धुरळा उठतोय. म्हातारीनं पाहुण्यांसाठी चहाचं पाणी आत्ताच ठेवलंय, मी ओट्यावर बसलोय. गाडी येईल, दार उघडेल, नाना आधी काठी टेकतील, गुडघा सावरतील. तेव्हा खाली बघतील ते मी मोजत नाही. पण त्यानंतर मान वर केल्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडं बघतात का टायरकडं, एवढं मला बघायचंय.